रस्ता रुंद होणार म्हणजे नक्की काय होणार? बेळगावकरांसाठी सोपी उकल

बेळगावात सध्या तीन शब्द सतत कानावर पडतात: रिंगरोड, बायपास आणि उड्डाणपूल. त्यांच्या जोडीला चौथा असतो तो मास्टर प्लॅन. पेपरात बातमी येते की अमुक रस्ता चौपदरी होणार, तमुक गल्लीत मार्किंग झालं, कुठल्याशा गावाच्या शिवारातल्या जमिनीची नोटीस निघाली. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी मोठं होणार आहे आणि कुणाचं तरी काहीतरी जाणार आहे. आपलं जाणार का, किती जाणार, आणि आपल्याला कुणी विचारणार का, याचा पत्ता त्या बातमीतून लागत नाही.

म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. उदाहरणाला आपला खानापूर रोड धरू. गोगटे सर्कल, आरपीडी क्रॉस, तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी आणि पुढं मच्छे. सकाळी या एका रस्त्यावर कॉलेजची पोरं असतात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीला निघालेले कामगार असतात, खानापूरहून येणाऱ्या बसगाड्या असतात, गोव्याकडं निघालेले ट्रक असतात, आणि गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. या सगळ्यांना रस्ता एकच, पण प्रत्येकाची गरज वेगळी. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं: रस्त्याचं काय होणार हे कागदावरच्या रेघेत ठरतं, आणि ती रेघ पक्की होण्याआधी कायदा आपल्याला मोजके दिवस देतो. त्या दिवसांत दिलेल्या अर्जाला जे वजन असतं, ते नंतर केलेल्या रास्ता रोकोला नसतं.

कॉरिडॉर कशाला म्हणतात?

आपण रस्ता म्हणतो तेव्हा डोळ्यापुढं डांबर येतं. आराखडा करणारे कॉरिडॉर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढं एका बाजूच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतची सगळी जागा असते. त्यात फूटपाथ येतो, गटार येतं, जमिनीखालची पाण्याची आणि ड्रेनेजची पाइप येते, विजेच्या केबल येतात, झाडं, बसथांबे, रिक्षा स्टँड, भाजीच्या गाड्या आणि दुकानांसमोर उभ्या दुचाक्या येतात. कॉरिडॉरचा पुनर्विकास म्हणजे या सगळ्यांची जागा नव्यानं वाटून देणं.

कुठल्याही रस्त्याच्या योजनेत बघण्यासारखा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे आडवा छेद. रस्ता वडीसारखा आडवा कापला तर कडेला जे दिसेल त्याचं हे चित्र: फूटपाथ किती मीटर, गटार किती, गाड्यांचे पदर किती, दुभाजक किती. लांबीचा नकाशा सामान्य माणसाला उमगत नाही, पण आडवा छेद शाळेतल्या पोरालाही कळतो. सभेत नेते ‘चौपदरी’, ‘सहापदरी’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडं हाच कागद मागा. फूटपाथ निदान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. देशातल्या रस्त्यांचे मापदंड ठरवणारी ही संस्था. आता आपल्या गावातला कुठलाही फूटपाथ आठवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला त्यावर चढता येतं का, आणि चढली तर मध्ये ट्रान्सफॉर्मर न लागता पन्नास पावलं चालता येतं का? येत नसेल तर ती डांबरावरून चालणार, आणि ती डांबरावरून चालली की गाड्यांचा एक पदर तिथंच गेला.

गर्दी नेमकी कुठं होते?

इथं थोडं आकड्यात शिरावं लागेल, कारण रुंदीकरणाचं सगळं गणित याच आकड्यांवर उभं असतं. वाहतूक मोजताना गाड्या नुसत्या मोजत नाहीत, त्या कारच्या हिशेबात बदलून घेतात. या मापाला पीसीयू म्हणतात. एक कार म्हणजे एक पीसीयू. दुचाकी अर्धा ते पाऊण. बस किंवा ट्रक साधारण दोन ते पावणेचार. आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चार ते पाच. म्हणजे उसाचा एक ट्रॅक्टर चन्नम्मा चौकात आला तर रस्त्याच्या हिशेबी चार-पाच कार एकदम आल्या.

आता रस्त्याची क्षमता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीच्या रस्त्यावर कडेला गाड्या उभ्या नसतील, दुकानांची दारं थेट रस्त्यावर उघडत नसतील आणि आडवी रहदारी अगदी कमी असेल, तर तासाला १५०० पीसीयू जाऊ शकतात. त्याच रुंदीच्या रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतील, दारं रस्त्यावर असतील आणि पावलोपावली कुणीतरी आडवं येत असेल, तर हाच आकडा ९०० वर येतो. आणि असाच गजबजलेला, दुभाजक नसलेला चार पदरी रस्ता असेल तर १८००.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. घरं-दुकानं पाडून रस्ता दुप्पट केला तर ९०० पीसीयू वाढतात. एकही भिंत न पाडता, कडा मोकळ्या ठेवल्या आणि आडवी रहदारी आवरली तर ६०० पर्यंत परत मिळू शकतात. गणपत गल्ली किंवा खडेबाजारासारख्या पेठेत १५०० कधीच मिळणार नाहीत हे खरं, कारण तिथं रस्ता हाच बाजार आहे. पण खानापूर रोड, काँग्रेस रोड, जुना पीबी रोड यांच्या बाबतीत हा हिशेब आधी मांडायला हवा आणि मग फावडं उचलायला हवं.

दुसरी गोष्ट चौकांची. चार वाटा मिळतात त्या चौकात हिरवा दिवा चौघांत वाटला जातो, म्हणून प्रत्येक वाटेला तासातला फार तर चौथा हिस्सा मिळतो. शेतातला पाट कितीही रुंद केला तरी पुढची मोरी तेवढीच असेल तर पाणी तेवढंच जाणार, उलट मोरीच्या तोंडाशी तुंबणार. दोन चौकांमधला रस्ता रुंद केला आणि चौक तसाच ठेवला, तर गाड्या पुढच्या सिग्नलला लवकर पोचतात आणि तिथं जास्त वेळ थांबतात.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. गेट पडलं की पहिली दुचाकी डाव्या बाजूला थांबते, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी आणखी उजवीकडं, आणि दोन मिनिटांत अख्खी रुंदी भरून जाते. पलीकडच्या बाजूलाही तेच. गेट वर जातं तेव्हा दोन फळ्या समोरासमोर उभ्या ठाकलेल्या असतात आणि कुणालाच वाट नसते. रेल्वे तर कधीच निघून गेलेली असते. तिथं रस्ता आणखी दहा फूट रुंद असता तर दोन्ही फळ्या आणखी दहा फुटांनी रुंद झाल्या असत्या. मधोमध पक्का दुभाजक असता तर कोंडी बऱ्याच अंशी टळली असती.

मग रुंदीकरण करायचंच नाही का?

करायचं. जिथं बस वळत नाही, अग्निशमनाची गाडी आत जात नाही, पायी चालणाऱ्याला जागाच नाही, तिथं रुंदीकरणाला पर्याय नाही. शहर वाढलं आहे. मध्यवर्ती बसस्थानकापासून कपिलेश्वर पुलापर्यंतचा भाग ज्या काळात वसला त्या काळात टांगे होते. रामदेव गल्लीसारखे काही रस्ते रुंद झाल्यावर तिथली रहदारी सुधारली हेही लोकांनी पाहिलं आहे.

माझं म्हणणं क्रमाविषयी आहे. आधी कडा मोकळ्या करा आणि पार्किंगची सोय लावा, मग चौक सुधारा, गटार आणि फूटपाथ नीट करा. एवढं करूनही पुरत नसेल तिथं भिंतीला हात लावा. भिंत एकदा पाडली की परत उभी राहत नाही, आणि पाडलेल्या जागी महिन्याभरात गाड्या उभ्या राहिल्या तर ज्याचं घर गेलं त्याला काय उत्तर द्यायचं?

उड्डाणपुलानं प्रश्न सुटेल का?

शहरातून उड्डाणपूल नेण्याची चर्चा बरीच वर्षं आहे. त्याचा उपयोग कुणाला, हे एकाच प्रश्नावर ठरतं: रस्त्यावरच्या गाड्यांपैकी किती गाड्यांना शहरात कामच नाही? हुबळीकडून किंवा कोल्हापूरकडून येऊन गोव्याला जाणारा ट्रक चन्नम्मा चौकात काही घ्यायला थांबत नाही. त्याला वरून काढून दिला तर खालचा रस्ता मोकळा होतो. पण हिंडलग्याहून मारुती गल्लीत खरेदीला आलेल्या माणसाला उड्डाणपुलाचा काडीचा उपयोग नाही. त्याला खालीच उतरायचं आहे, आणि पूल जिथं उतरतो तिथं नवी कोंडी होते.

हे कळण्यासाठी गाडी कुठून निघाली आणि कुठं चालली, याची पाहणी करतात. प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, ज्याला डीपीआर म्हणतात, त्यात ही पाहणी असायला हवी. नसेल तर उड्डाणपुलाची लांबी कशावरून ठरली हे कुणीच सांगू शकणार नाही.

आणि इथंच एक गोष्ट सुटते जी मला फार महत्त्वाची वाटते. हलगा-मच्छे बायपास कशासाठी? पुणे-बेंगळूर महामार्गावरून, म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून, खानापूर-गोव्याच्या बाजूला जाणारी गाडी शहराबाहेरून काढण्यासाठी. रिंगरोड कशासाठी? मुख्यतः त्याच कारणासाठी, सगळ्या दिशांनी. आणि खानापूर रोडच्या दिशेनं उड्डाणपूल? त्यातही मोठा वाटा याच गाड्यांचा. जांबोटीमार्गे चोर्ला घाटात जाणाऱ्या गाड्यासुद्धा पिरनवाडीपर्यंत खानापूर रोडनंच जातात. एकाच गाडीला वाट करून देण्यासाठी तीन प्रकल्प, आणि तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर. बायपास झाला तर उड्डाणपुलाची गरज किती उरते, रिंगरोड झाला तर बायपासची किती, हा हिशेब एकत्र मांडून लोकांपुढं ठेवायला हवा.

कारण या रेघा कोऱ्या कागदावर पडत नाहीत. हलगा, जुने बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मच्छे या पट्ट्यातली जमीन पिकाऊ आहे. येळ्ळूरचा बासमती याच मातीतला. भात निघाल्यावर त्याच ओलीवर कडधान्यं येतात. गुंठ्यागुंठ्यांत वाटली गेलेली ही शेती आहे. तिच्यातून भराव टाकून रस्ता गेला तर एका शेताचे दोन तुकडे होतात आणि पाण्याची वाटही अडते. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शिवारात कसं पसरतं हे वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हलगा-मच्छेच्या शेतकऱ्यांनी कोर्टात ‘झिरो पॉइंट’चा मुद्दा लावून धरला, तो याच अर्थानं समजून घ्यायला हवा. रस्ता कुठून मोजायला सुरुवात करायची, म्हणजेच तो कायद्यानं कुठून कुठं मंजूर आहे, हा तो वाद. आरंभाचा बिंदू सरकला की पुढची सगळी रेघ सरकते.

लाल रंगाची खूण कुठून येते?

एक दिवस दोन माणसं टेप घेऊन येतात, भिंतीवर लाल रंगानं बाण काढतात, खाली आकडा लिहितात आणि जातात. गल्लीत धावपळ उडते. खरं तर त्या खुणेचा निर्णय कितीतरी आधी झालेला असतो, मास्टर प्लॅनमध्ये.

मास्टर प्लॅन म्हणजे शहराच्या पुढच्या वाढीचा सरकारी नकाशा. पूर्वी त्याला सीडीपी, म्हणजे सर्वंकष विकास आराखडा म्हणायचे. कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायदा १९६१ चा, त्याखाली हा नकाशा तयार होतो. बेळगावात ते काम बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं. निवासी भाग कुठला, व्यापारी कुठला, कुठला रस्ता किती मीटरचा होणार, हे सगळं त्यात असतं. कच्चा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती द्यायला ६० दिवस असतात. आपली गल्ली ९ मीटरची राहणार की १८ मीटरची होणार, हे विचारायची खरी वेळ ती. त्या ६० दिवसांत आपल्याकडं क्वचितच कुणी नकाशा पाहायला जातो. मंडळाच्या बैठकीत गणपतीच्या वर्गणीबरोबर हा विषयही घेतला, एकदोघा जाणत्यांनी जाऊन आपल्या भागाचा नकाशा उतरवून आणला, तर पुढची दहा वर्षांची धावपळ वाचेल.

नकाशात दोन गोष्टी बघा. पहिली मध्यरेषा. रुंदी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना मोजतात. ती रेषा एक मीटर इकडं सरकली तर समोरच्याचा ओटा वाचतो आणि तुमची बैठकीची खोली जाते. जुन्या गल्ल्या सरळ नसतात, म्हणून मध्यरेषा कुठून धरली हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसरी गोष्ट तारीख. सार्वजनिक कामासाठी दाखवलेली जमीन आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत संपादन केली नाही तर ते आरक्षण गळून पडल्याचं मानण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर कोर्टात वाद होतात, त्यामुळे आपल्या प्रकरणात ती लागू होते का हे वकिलाला दाखवूनच घ्या.

जागा कुठल्या वाटेनं घेतली जाते?

पहिली वाट २०१३ च्या भूसंपादन कायद्याची. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. यात आधी सामाजिक परिणामांची पाहणी, मग प्राथमिक अधिसूचना, मग हरकतींना ६० दिवस, मग अंतिम घोषणा आणि शेवटी निवाडा, म्हणजे भरपाई किती याचा निर्णय, अशी पायरी-पायरीनं गाडी पुढं जाते.

दुसरी वाट १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याची. बायपास, रिंगरोड यांच्या नोटिशीत ‘थ्री ए’, ‘थ्री डी’ असे शब्द येतात ते या कायद्याचे. थ्री ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर झाला. त्यानंतर हरकतीला फक्त २१ दिवस. हरकती निकाली निघून थ्री डी जाहीर झालं की जमीन त्याच क्षणी केंद्र सरकारची होते. मग पैशाबद्दल भांडता येतं, जमिनीबद्दल भांडणं फार अवघड होऊन बसतं. थ्री एपासून वर्षाच्या आत थ्री डी निघालं नाही तर पहिली अधिसूचना आपोआप रद्द होते. म्हणून नोटीस हातात पडली की आधी कायद्याचं नाव आणि तारीख वाचा. ६० दिवस आहेत असं समजून बसलात आणि ती थ्री ए निघाली, तर तीन आठवडे कधी संपले तेही कळत नाही.

तिसरी वाट समजुतीची. महापालिका जागामालकाशी बोलते आणि पैशाऐवजी टीडीआर देते. टीडीआर म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा दाखला. मुंबई-बेंगळूरला त्याला गिऱ्हाईक असतं. आपल्याकडं शहराच्या कडेला अजून मोकळी जमीन मिळते, तेव्हा असा दाखला घेणारा सहज सापडेल असं धरून चालू नका. बांधकाम परवाना देतानाही रुंदीकरणाची पट्टी मोकळी सोडायला सांगतात. मोकळी सोडणं वेगळं आणि हक्क सोडून देणं वेगळं. ज्या कागदावर सही करता त्यात यांपैकी काय लिहिलं आहे ते समजून घेतल्याशिवाय पेन टेकवू नका.

आणि यांपैकी कुठलीच वाट न धरता रस्ता केला तर? बेळगावनं हे पाहिलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं आणि रस्त्यांची कामं निघाली. शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पीबी रोडपर्यंतच्या रस्त्याचं प्रकरण, जागा रीतसर संपादन केली नाही म्हणून उच्च न्यायालयात गेलं. महापालिकेवर सुमारे २० कोटींच्या भरपाईचा बोजा येण्याची वेळ आली, आणि २०२४ मध्ये जागा मालकाला परत देण्यापर्यंत गोष्ट गेली. ते पैसे शेवटी घरपट्टी भरणाऱ्यांचे.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलं की राज्यघटनेच्या कलम ३००-अ खाली मालमत्तेच्या हक्कात नुसती भरपाई येत नाही. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत आणि नीट प्रक्रिया, आणि ती पूर्णत्वाला नेणं, असे सात भाग त्यात आहेत. भरपाई दिली म्हणून बाकीचं माफ होत नाही.

भरपाईचा हिशेब कसा?

हिशेब २०१३ च्या कायद्याचा. शहरात समजा दोनशे चौरस फूट जागा गेली आणि बाजारभाव ठरला चौरस फुटाला ८००० रुपये. जमिनीचे झाले १६ लाख. त्यावरच्या बांधकामाची किंमत वेगळी धरतात, ती समजा ४ लाख. एकूण २० लाख. यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून मिळते, म्हणजे ४० लाख. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के. ग्रामीण भागात जमिनीचा बाजारभाव आधी एक ते दोन यांमधल्या ठरावीक गुणकानं गुणतात आणि मग पुढचा हिशेब. महामार्ग कायद्याखाली जमीन गेली तरी भरपाईचे हे नियम १ जानेवारी २०१५ पासून लागू आहेत.

खरी मेख बाजारभावात आहे. तो ठरवताना सरकारी दर आणि गेल्या तीन वर्षांतली आसपासची नोंदणीकृत खरेदीखतं पाहतात. मुद्रांक शुल्क वाचवायला लोक खरेदीखतात किंमत कमी लावतात, आणि तीच किंमत पुढं सगळ्या गल्लीच्या, सगळ्या गावाच्या मानेवर बसते.

आणखी एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. घराचा किंवा इमारतीचा फक्त तुकडा जाणार असेल आणि उरलेलं तुम्हाला नको असेल, तर सगळीच इमारत घ्या असा आग्रह मालक धरू शकतो. २०१३ च्या कायद्याचं कलम ९४. दहा फूट खोल गाळ्यातले सात फूट गेले तर उरलेल्या तीन फुटांत माणूस काय विकणार?

आणि उताऱ्यावरची नावं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी नाव त्यांचंच, वारसा नोंद नाही, चुलत्यांत वाटण्या तोंडी. अशा जमिनीची भरपाई वादात पडते आणि वर्षानुवर्षं अडकून राहते. रस्ता येवो न येवो, हे काम आजच करण्यासारखं आहे.

गाळा भाड्याचा असेल तर?

आपल्या पेठांत मालकापेक्षा भाडेकरूच जास्त. पन्नास वर्षं एकाच गाळ्यात धंदा करणारी कुटुंबं आहेत. २०१३ चा कायदा त्यांना विसरलेला नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्यांचा पोटापाण्याचा मुख्य धंदा त्या जागेवर होता, ती कुटुंबं ‘बाधित’ धरली जातात. पण त्यासाठी पुरावा लागतो: व्यापार परवाना, वीजबिल, भाडेपावती. समजुतीच्या वाटेनं मालकाशी व्यवहार झाला तर भाडेकरूचा विषय त्यात येईलच असं नाही. म्हणून मार्किंग झाल्या दिवसापासून मालक आणि भाडेकरूनं एकत्र बसावं, एकमेकांच्या पाठीमागं अर्ज देत सुटू नये.

फूटपाथवरच्या भाजीवाल्या मावशींना २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. त्यांची पाहणी व्हायला हवी, दाखला मिळायला हवा, आणि हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस हवी. शहर फेरी समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांतूनच निवडून आलेले असायला हवेत. फूटपाथ मोकळा करा असं मी वर म्हटलं, ते या कायद्यासह. त्यांना उठवून नुसतं मागच्या गल्लीत ढकललं तर आठ दिवसांत त्या परत येणार, कारण गिऱ्हाईक इथंच आहे.

नोटीस कन्नडमध्ये आली तर?

सीमाभागातली ही रोजची अडचण. महामार्ग कायदा म्हणतो की अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत यावा आणि त्यातलं एक देशी भाषेतलं असावं. ती भाषा मराठी असेल असं कुठंच म्हटलेलं नाही. म्हणजे येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या जमिनीची सूचना त्याच्या घरी न येणाऱ्या पेपरात छापून आली तरी त्याचे २१ दिवस सुरू होतात.

राज्यघटनेचं कलम ३५० आपल्या बाजूनं आहे. गाऱ्हाणं मांडण्यासाठी देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. तेव्हा हरकत मराठीत लिहा, तुमची अडचण तुमच्या शब्दांत नेमकी उतरते. पण सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे भाषेचं निमित्त करून कागद बाजूला पडणार नाही. सर्व्हे नंबर किंवा शहरातल्या जागेचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर लिहा, किती जागा, त्यावर काय उभं आहे, पर्यायी रेघ कुठून जाऊ शकते, हे लिहा. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. शंभर जणांनी सही केलेल्या एका निवेदनापेक्षा शंभर जणांच्या शंभर वेगळ्या हरकतींना सुनावणीत जास्त जोर असतो, कारण प्रत्येकीवर निर्णय द्यावा लागतो.

‘असं अडवत बसलात तर विकास होणार कसा?’

हा प्रश्न विचारणारे आपलेच असतात, सायंकाळी तासभर अडकून घरी पोचलेले, आणि त्यांचा वैताग खरा आहे. पण प्रकल्प खरोखर कशानं रखडतात ते पाहा. हरकती न ऐकता रेटलेलं काम कोर्टात जातं, स्थगिती येते, यंत्रं उभी राहतात, खर्च वाढतो. हलगा-मच्छेचं काम कितीदा सुरू झालं आणि कितीदा थांबलं हे सगळ्यांनी पाहिलं. हरकतीच्या पहिल्या दिवसांतच ऐकून घेतलं असतं तर पुढची वर्षं वाचली असती. नीट ऐकून घेणं हाच रस्ता लवकर होण्याचा मार्ग आहे.

काम सुरू झाल्यावर काय बघायचं?

आडव्या छेदात दाखवलेलं गटार आधी होतंय की डांबर आधी पडतंय, एवढं बघा. बेळगावचा पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही, म्हणजे कामाला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने. या महिन्यांत गटार, पाण्याची पाइप, केबलची नळी आणि त्यावर रस्ता असा क्रम असेल तर रस्ता टिकतो. डांबर आधी झालं तर चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेची पाइप टाकायला तोच रस्ता पुन्हा खोदला जातो, चर मातीनं भरला जातो आणि पहिल्या पावसात खचतो. रस्त्याची पातळी घराच्या उंबऱ्यापेक्षा वर जात असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. कामाचा आदेश, नकाशा आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे रस्ता किती दिवसांत उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, हे तिन्ही कागद माहिती अधिकाराखाली मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.